मृत्युसमयीचा पश्चात्ताप (ख्रिस्ती धर्म)

आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी अखेरच्या घटकेलाही, परमेश्वराकडे वळणाऱ्याला त्याची कृपा लाभते, ही ख्रिस्ती धारणा. तिला बायबलमधील दोन आधार नेहमी दिले जातात. द्राक्षमळ्यातील मजुरांच्या दाखल्यात (मत्तय २०:१–१६) शेवटचा तासभर राबलेल्यालाही दिवसभराची मजुरी मिळते. तर येशूबरोबर क्रुसावर खिळलेल्या अनुतापी अपराध्याला सुखलोकाचे अभिवचन मिळते (लूक २३:३९–४३). या अपराध्याचे दिस्मास हे नाव लूककृत शुभवर्तमानात नाही. ते नंतरच्या बायबलबाह्य वाङ्मयातून आले. दाखल्यात मजुरांना दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना कामावर घेतले जाते. या तासांचा अर्थ मात्र वादग्रस्त आहे. ख्रिस्ती धर्मवेत्ता इरेनिअसने (दुसरे शतक) ते मानवी इतिहासातील युगांशी जोडले. बालपणापासून वार्धक्यापर्यंतच्या अवस्था हा अर्थ बायबलचा भाष्यकार ऑरिजेनच्या (तिसरे शतक) भाष्यात आढळतो. दाखल्यापूर्वी पेत्राने शिष्यांच्या मोबदल्याविषयी विचारलेला प्रश्न (१९:२७) पाहता, वयाचा अर्थ मागाहूनचा असावा.

बाप्तिस्म्याने (ख्रिस्ती दीक्षेच्या जलविधीने) पूर्वीची पापे धुतली जातात, नंतरच्या गंभीर पापांसाठीचे जाहीर प्रायश्चित्त मात्र कठोर आणि बहुधा एकदाच मिळणारे. त्यामुळे चौथ्या शतकात बाप्तिस्मा लांबणीवर टाकण्याची चाल बरीच रूढ होती. सम्राट कॉन्स्टंटाइनने तो ३३७ मध्ये निकोमीडियाजवळ, मृत्यूच्या थोडे आधी घेतला. अंथरुणाला खिळलेल्यांवर नुसते पाणी ओतून वा शिंपडून केलेला असा बाप्तिस्मा पुरेसा आहे काय, हा प्रश्न तिसऱ्या शतकातच निघाला होता. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने तो पूर्ण ठरवला. उलट, रोमचा बिशप कॉर्नेलिअस याने प्रतिस्पर्धी नोव्हेशियनच्या रुग्णशय्येवरील बाप्तिस्म्यावर शंका घेतली. ही शंका कॉर्नेलिअसच्या पत्रात येते. चर्चचा आद्य इतिहासकार युसिबिअसने जपलेले हे पत्र विरोधकाचे असल्याने ते बेताने वापरावे लागते. नीओसीझेरियाच्या परिषदेने (इ. स. ३१५ च्या सुमारास, नेमके वर्ष अनिश्चित) अशा व्यक्तींना एरवी धर्मगुरुपद नाकारले, त्यांची श्रद्धा निवडीतून नव्हे, निकडीतून आली, असे कारण दिले. मात्र नंतरचा उत्साह किंवा माणसांची टंचाई असल्यास सवलत ठेवली. म्हणजे शंका तारणाविषयी नसून पदाविषयी होती, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नायसियाच्या परिषदेने (३२५) मरणासन्नाला अखेरचा प्रभुभोजनाचा प्रसाद नाकारू नये, असे ठरवले. पोप सेलेस्टाइन पहिला याने ४२८ मध्ये मरणासन्नाचे प्रायश्चित्त नाकारणाऱ्यांचा निषेध केला.

तरीही साशंकता ओसरली नाही. पाचव्या शतकात रीएझचा (दक्षिण फ्रान्स) बिशप फॉस्टस याने अखेरच्या घटकेच्या अनुतापाला फारसे मोल दिले नाही. जर्मन ल्यूथरपंथीयांत १६९८ पासून निराळाच वाद पेटला : प्रत्येक पाप्याला कृपेची ठरावीक मुदत असते व ती मृत्यूपूर्वीही संपू शकते, असे योहान गेओर्ग ब्योझे याने मांडले, लाइपझिगचा धर्मशास्त्रज्ञ इटिगने त्याचा प्रतिवाद केला. इंग्रज धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट परंपरेत पश्चात्तापाआधीच मनुष्यात कार्य करणाऱ्या कृपेवर भर आहे.

रोमन कॅथलिक धर्मकायद्यानुसार मृत्यूच्या धोक्यात कोणताही धर्मगुरू, एरवी त्याला तो अधिकार नसला तरी, पापक्षमा देऊ शकतो.