फ्लोअरचं ठिगळ आणि रोल केजची बेस प्लेट

जुन्या गाडीचं कार्पेट उचललं, खाली बोट जाईल एवढं भोक दिसलं, आणि नेमका तिथेच रोल केजचा, म्हणजे गाडी उलटली तरी आतल्यांना वाचवणाऱ्या पोलादी नळ्यांच्या सांगाड्याचा, पाय येणार आहे. अशा वेळी हमखास सुचणारी युक्ती अशी: जाड पत्र्याचा चौकोन कापायचा, भोकावर ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारायचं आणि त्यावरच केज उभा करायचा. भोकही बुजलं, पायालाही आधार मिळाला! गोची एवढीच की ठिगळ आणि बेस प्लेट ही दोन कामं एकाच तुकड्यावर ढकलली आहेत.

ठिगळ म्हणजे गेलेला पत्रा परत आणणं. फ्लोअरचा पत्रा साधारण ०.७ ते १ मिमी जाड असतो, ठिगळही त्याच जाडीचं हवं. गंजलेला भाग कापत कापत स्वच्छ, चकचकीत पत्र्यापर्यंत जायचं आणि कडेला कड भिडवून थोड्या थोड्या अंतरावर टाके मारायचे. सलग वेल्डिंग केलं तर पातळ पत्रा तापून वाकतो.

बेस प्लेटचं काम भार पसरवण्याचं. गाडी उलटली की छपरावरचा दणका नळीतून थेट पायाशी उतरतो. ४५ मिमी व्यासाच्या, २.५ मिमी जाडीच्या नळीच्या कापलेल्या कडेचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ३.३ चौ. सेंमी. तेवढ्याशा कड्यावर सगळा भार आला तर नळी फ्लोअर फाडून खाली जाते, आणि ती जितकी खाली जाईल तितकं छप्पर डोक्याच्या जवळ येतं. म्हणून एफआयए या आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमांत (परिशिष्ट 'जे', कलम २५३) बोल्टने बसणाऱ्या मुख्य पायाखाली किमान ३ मिमी जाड आणि १२० चौ. सेंमी क्षेत्रफळाची पोलादी प्लेट बॉडीला वेल्ड केलेली लागते, शिवाय ८.८ ग्रेडचे (हा मजबुतीचा दर्जा) किमान तीन एम८, म्हणजे ८ मिमी व्यासाचे, बोल्ट. नळीच्या कडेच्या मानाने हे क्षेत्रफळ सुमारे ३६ पट झालं. मात्र हा सगळा हिशेब प्लेटच्या भोवतीचा पत्रा शाबूत आहे असं धरून आहे.

खरी मेख इथेच. प्लेट कितीही जाड घ्या, भार तिच्यातून बाहेर पडतो तो कडेच्या वेल्डिंगमधून. ती कड गंजाने झिजलेल्या पत्र्यावर असेल तर प्लेट स्वतः न वाकता भोवतालच्या पत्र्यासकट उखडते. त्यात दोन पत्र्यांच्या फटीत पाणी आपोआप ओढलं जातं, तिथे रंग पोचत नाही, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेत फुगत राहतो. वरून बघणाऱ्याला ३ मिमीची ठणठणीत प्लेट दिसते.

पत्रा कुठवर चांगला आहे, हे डोळ्यांवर सोडू नका. चिकटवलेला डांबरी थर खरवडा, वायर ब्रश मारा, मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. 'ठण्' येतोय तोवर ठीक. 'थप्प' आला की टोक रोवून बघा. मी तरी 'थप्प' आलेल्या जागेच्या पुढे आणखी चार बोटं कापतो. मिग (तारेने करायचं विजेचं वेल्डिंग) लावल्यावर पत्रा कडेपासून वितळत मागे सरकायला लागला, तर कापणं अजून संपलेलं नाही.

तेव्हा क्रम असा: आधी ठिगळ, मग प्लेट. प्लेट ठिगळापेक्षा मोठी हवी, म्हणजे तिची कड ठिगळाच्या सांध्यावर न येता मूळ पत्र्यावर पडते. कोपरे गोल करा. टोकदार कोपऱ्यातून चीर सुरू होते. जमेल तिथे प्लेट वाकवून दाराखालच्या सिलच्या उभ्या भिंतीवर चढवा, म्हणजे भार एकट्या फ्लोअरवर राहत नाही. सिलच सडलं असेल तर ते दुरुस्त होईपर्यंत केजचं नाव काढू नका.

वेल्डिंगआधी बॅटरी, कार्पेट आणि इंधनाच्या नळ्या बाहेर. अग्निशामक घेऊन एक माणूस गाडीखाली लक्ष ठेवायला हवाच, कारण खालचा डांबरी लेप वरच्याला न दिसता पेटतो. शेवटी सांध्यांना सीलर आणि पोकळ जागांत मेण.

केज बसवलेली जुनी गाडी विकत घेणार असाल तर खाली झोपून, पाय जिथे उतरतो तिथे टॉर्च मारा. ठिगळाचा सांधा दिसला तर आशा आहे. जुन्या भोकाची तपकिरी, कुरतडलेली कड आणि तिच्यातून वरच्या प्लेटची पाठ दिसली, तर तो केज अधांतरी उभा आहे.