नो क्लेम बोनस: सवलतीमागचं गणित

गाडीच्या विम्यात पहिलं वर्ष क्लेमशिवाय गेलं की ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. एक क्लेम घेतला की थेट शून्य. थर्ड पार्टीच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीच्या, हप्त्याला ही सूट नाही.

या गणिताचं मूळ दारूगोळ्याच्या कारखान्यांत सापडतं. ग्रीनवुड आणि यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये तिथल्या कामगार स्त्रियांच्या अपघातांचे आकडे तपासले. सगळ्यांचा धोका सारखा धरला तर हिशेब जुळेना. प्रत्येकीचा वेगळा धरल्यावर बराच जुळला. म्हणजे धोका आधी दिसत नसला, तरी मागच्या अपघातांवरून त्याचा अंदाज सुधारत नेता येतो. १९५९ मध्ये फ्रान्समधल्या ला बोल इथे विमागणितज्ञांच्या ‘ॲस्टिन’ या संघटनेची पहिली परिषद भरली, तिचा विषयच नो क्लेम सवलत हा होता.

पुढच्या वर्षीची सवलतीची पायरी आजची पायरी आणि यंदाचे क्लेम, एवढ्यावरच ठरते. आधीचा इतिहास लागत नाही; अशा रचनेला गणितात मार्कोव्ह साखळी म्हणतात. आपल्याच पायऱ्या त्यात घालून पाहू. दहा वर्षांत सरासरी एक क्लेम घेणारे चालक घेतले, तर कालांतराने त्यांतले सुमारे ६१ टक्के सर्वांत वरच्या पायरीवर असतात आणि सरासरी सूट ३९ टक्के पडते. दुप्पट क्लेम घेणाऱ्यांना ती सुमारे ३२ टक्के. धोका दुप्पट, हप्ता मात्र जेमतेम १३ टक्क्यांनी जास्त! बाकीचा भार सावध चालक उचलतात, आणि हे मला अन्यायाचं वाटतं. फिनलंडच्या लोइमारांता यांनी १९७२ मध्ये सवलत योजनेची नेमकी हीच ताकद मोजण्याचं सूत्र दिलं: धोका वाढला तर हप्ता त्या प्रमाणात किती वाढतो?

दुसरा प्रश्न माणसांच्या वागण्याचा. ओन डॅमेजचा मूळ हप्ता दरवर्षी १०,००० रुपयेच राहील असं धरा. ५० टक्क्यांवर असताना क्लेम घेतला, तर पुढच्या पाच वर्षांत ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० असे एकूण १२,५०० रुपये जास्त जातात. मग बंपरचं ९,००० रुपयांचं काम लोक खिशातूनच करतात, आणि ते शहाणपणाचंच. अभ्यासक याला ‘बोनसची भूक’ म्हणतात. कितीपर्यंतचं नुकसान स्वतः सोसावं, हे काढायची रीत विमागणितज्ञ ज्याँ लमेर यांनी १९७७ मध्ये मांडली. अशा न घेतलेल्या क्लेममुळे कंपनीच्या नोंदीत अपघात कमी दिसतात, आणि पुढचे दर त्याच नोंदींवर बेततात.