आठ वर्षांच्या मुलाच्या म्हाताऱ्या धमन्या

१९३३ साली बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला. शवविच्छेदन झालं तेव्हा मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या त्याच्या धमन्या जाड आणि अरुंद झालेल्या दिसल्या. सत्तरीतल्या माणसाच्या असाव्यात तशा. केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली, पण या वयात असं का झालं, हे कुणालाच सांगता आलं नाही.

उत्तर मिळायला पस्तीस वर्षं लागली, आणि तेही त्याच घरातून. त्या कुटुंबातल्या पुढच्या पिढीतल्या नऊ वर्षांच्या मुलीला होमोसिस्टिन्युरिया हा जन्मजात आजार असल्याचं निदान झालं. हा आजार १९६२ साली उत्तर आयर्लंडमध्ये बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांची लघवी तपासताना पहिल्यांदा लक्षात आला होता. एका बैठकीत मुलीच्या केसची चर्चा झाली, तिच्या घरातल्या त्या जुन्या मृत्यूचा उल्लेख झाला, आणि किल्मर मॅककली या तरुण पॅथॉलॉजिस्टने १९३३ चे जपून ठेवलेले नमुने शोधून काढले.

सूक्ष्मदर्शकाखाली त्याला जे दिसलं ते जरा जवळून पाहू. धमनीच्या भिंतीत रबरासारख्या लवचिक पट्ट्या असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला त्या ताणल्या जातात आणि पुन्हा जागेवर येतात. या मुलाच्या पट्ट्या जागोजागी तुटल्या होत्या. आतल्या अस्तराखाली तंतुमय थर वाढून रक्ताची वाट आवळली गेली होती. आणि ज्याच्या नावाने आपण सगळे घाबरतो ती चरबी, ते कोलेस्टेरॉल, तिथे जवळपास नव्हतंच.

मग भिंत कुणी बिघडवली? दूध, डाळ, अंडी, मासे यांतल्या प्रथिनांमधून मेथिओनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल शरीरात येतं. ते वापरलं गेलं की मागे होमोसिस्टीन उरतं. त्याला पुढे दोन वाटा आहेत: एकतर फोलेट आणि ब१२ जीवनसत्त्वाच्या मदतीने परत मेथिओनिन व्हायचं, नाहीतर ब६ च्या मदतीने सिस्टीन या दुसऱ्या अमिनो आम्लाकडे जायचं. ही दुसरी वाट सिस्टाथायोनिन बीटा सिंथेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, उघडून देतं. होमोसिस्टिन्युरियाच्या नेहमीच्या प्रकारात हेच विकर जन्मापासून सदोष असतं. वरून नळ चालू आणि मोरी तुंबलेली, अशी गत होते. रक्तात होमोसिस्टीन साचतं आणि मेथिओनिनही.

म्हणजे आरोपी दोन झाले. निवाडा झाला तो दोन महिन्यांच्या एका बाळामुळे. त्याचा दोष वेगळा होता, ब१२ च्या वाटेवरचा. त्याच्या शरीरात होमोसिस्टीन भरपूर होतं, पण मेथिओनिन कमी. धमन्या मात्र तशाच बिघडलेल्या. दोन्ही मुलांत समान काय, तर होमोसिस्टीन. मॅककलीने १९६९ साली हे मांडलं. इतक्या थोड्या पुराव्यातून इतकं स्वच्छ अनुमान मी क्वचितच पाहिलं आहे. दोन लहानग्यांच्या मृत्यूंवर ते उभं आहे, हे मात्र वाचताना विसरता येत नाही.

होमोसिस्टीन धमनीचं आतलं अस्तर दुखावतं आणि रक्त गोठण्याकडे झुकवतं. त्यामुळे धमनीत किंवा शिरेत गाठ धरणं हाच या आजारातला सर्वांत मोठा धोका. १९८५ साली ६२९ रुग्णांची माहिती एकत्र केली गेली. उपचार नसतील तर तिशीपर्यंत जवळपास निम्म्या रुग्णांना असा झटका येतो, हे त्यातून कळलं. उलट बाजूही आहे. २००१ साली उपचार सुरू असलेल्या १५८ रुग्णांचा हिशोब मांडला गेला. उपचार नसते तर ११२ झटके अपेक्षित होते, प्रत्यक्षात आले १७. जन्मजात जनुकीय आजारात असा फरक पडलेला पाहिला की उशिरा होणाऱ्या प्रत्येक निदानाची चुटपुट लागते.

साधारण निम्म्या रुग्णांना ब६ च्या मोठ्या मात्रेने गुण येतो. बाकीच्यांसाठी बीटेन नावाची पावडर आणि आयुष्यभराचं पथ्य. हे पथ्य फार अवघड आहे. वरणाची वाटी, दूध, अंडं, आपण ज्याला पौष्टिक म्हणून मुलाच्या मागे लागतो तेच इथे मोजूनमापून द्यायचं. ओट्यावर ग्रॅमचा वजनकाटा ठेवावा लागतो. प्रथिनांची उरलेली गरज मेथिओनिन काढून टाकलेल्या खास पावडरीतून भागवायची, आणि ती महाग असते.

आयर्लंडमध्ये १९७१ पासून प्रत्येक बाळाची टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून या आजारासाठी तपासणी होते. गोव्याने २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. महाराष्ट्रात अजूनही सगळ्या बाळांची अशी तपासणी होत नाही, आणि ती व्हायला हवी असं माझं ठाम मत आहे. आई आणि वडील दोघंही सदोष जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. जिथे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, तिथे असे दोन वाहक एकत्र येण्याचा संभव वाढतो. तपासणीलाही मर्यादा आहेच. ती बहुधा मेथिओनिन मोजते, आणि ब६ ने गुण येणाऱ्या बाळांत ते पहिल्या दिवसांत वाढलेलं नसल्याने ही बाळं निसटू शकतात.

आपल्याकडे होमोसिस्टीन हा शब्द बहुतेकांना कळतो तो मोठ्यांच्या रक्ततपासणीतून. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांत ब१२ कमी होतं आणि ५८ टक्क्यांत होमोसिस्टीन वाढलेलं. पण या दोन गोष्टींची गल्लत नको. ब१२ च्या कमतरतेने होणारी वाढ सहसा माफक असते, तर होमोसिस्टिन्युरिया असलेल्या मुलांत आकडा दर लिटरमागे १०० मायक्रोमोलच्या पुढे, कित्येकदा काहीशेवर जातो. साधारण १५ च्या आत असायला हवा. शिवाय २००६ साली दोन मोठ्या चाचण्यांतून दिसलं, की हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा मोठा धोका असलेल्या प्रौढांत जीवनसत्त्वं देऊन होमोसिस्टीन उतरवलं तरी हृदयविकाराचे झटके कमी होत नाहीत. त्यामुळे 'हार्टसाठी' म्हणून आपल्या मनाने गोळ्या घेत बसण्यात अर्थ नाही.

मुलांच्या बाबतीत पहिली खूण अनेकदा डोळ्यांत सापडते. चष्म्याचा नंबर भराभर वाढतो आणि तपासताना डोळ्यातलं भिंग जागेवरून, बहुधा खालच्या बाजूला, सरकलेलं दिसतं. अंगाने उंच, हातपाय लांबसडक, शिकण्यात मागे पडणारं मूल असेल, किंवा लहान वयात रक्ताची गाठ धरली असेल, तर रक्तातलं एकूण होमोसिस्टीन मोजायला हवं. त्यासाठी घेतलेली रक्ताची नळी लगेच बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची आणि रक्तपेशी वेगळ्या करायच्या. कारण नळीतल्या तांबड्या पेशी होमोसिस्टीन सोडतच राहतात, आणि तासभर टेबलावर राहिलेला नमुना चुकीचा आकडा दाखवतो. आजाराचं निदान झालं असेल तर कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगायचं: नायट्रस ऑक्साइड हा भुलीचा वायू ब१२ निकामी करतो, तो या मुलांना द्यायचा नाही. आणि शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवलेल्या मुलाच्या अंगातलं पाणी कमी होऊ नये म्हणून सलाइन आधीपासून लावून ठेवायचं.