उपप्रजाती (सबजीनस; पक्ष्यांवरील उवांच्या वर्गीकरणात)

पक्ष्यांच्या पिसांत राहणाऱ्या, कुरतडून खाणाऱ्या उवांच्या वर्गीकरणात प्रजाती (जीनस) आणि जाती (स्पीशीज) यांच्यामधली पायरी. एखाद्या प्रजातीत जाती फार झाल्या आणि त्यांतल्या काहींची ठेवण एकमेकींशी जुळली, की त्यांची उपप्रजाती करतात. ही पायरी सक्तीची नाही. पुष्कळ प्रजातींना तिची गरजच पडत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात या उवा माहीत असतात त्या गावठी कोंबडीमुळे. खुडूक कोंबडी धुळीत लोळायला फारशी उठत नाही. तिला उचलायला डालग्यात हात घातला की उवा मनगटावर चढतात. सगळ्या सारख्याच वाटतात, पण तशा नसतात. त्यांच्या प्रजाती निरनिराळ्या: डोक्यावर कुक्लोटोगॅस्टर, पंखांच्या मोठ्या पिसांत लांबट लिप्युरस, मऊ पिसांत आखूड, गोलसर गोनिओकोटिस. या तिन्ही उवा पिसे खाऊन जगतात. मेनॅकँथस मात्र कातडीवर पळते आणि कोवळी पिसे फोडून रक्तही पिते.

राहण्याची जागा शरीराला आकार देते, आणि वर्गीकरणाची खरी अडचण इथेच आहे. निरनिराळ्या पक्ष्यांच्या पंखांतल्या उवा जवळच्या नात्याच्या नसूनही लांबट होतात. म्हणून नुसत्या बांध्यावर किंवा यजमान पक्ष्यावर उपप्रजाती उभी करणे कच्चे काम ठरते. नराची जननेंद्रिये, डोक्यावरच्या पट्ट्या, पोटावरच्या केसांची मांडणी ही जास्त भरवशाची लक्षणे. ती दिसावीत म्हणून ऊ कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात ठेवतात. आतला मऊ भाग विरघळतो, कवच उरते. मग अल्कोहोल, लवंगतेल आणि शेवटी काचपट्टीवर कॅनडा बाल्सम हा पारदर्शक डिंक.

नाव देण्याचे नियम प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. १९३० नंतरच्या प्रत्येक नव्या उपप्रजातीला एक नमुना-जाती, म्हणजे ते नाव जिच्याशी कायमचे बांधलेले असते ती जाती, ठरवून द्यावीच लागते. उपप्रजातीचे नाव प्रजाती आणि जाती यांच्या नावांमध्ये कंसात लिहितात. प्रजातीत एक उपप्रजाती नव्याने केली, की मूळ नमुना-जाती असलेला गट प्रजातीच्याच नावाची दुसरी उपप्रजाती आपोआप होतो.

अलीकडचे उदाहरण उवांच्या गिमारेसिएला प्रजातीचे. सातभाई आणि त्यांच्या नात्यातल्या पक्ष्यांवरील काही जातींसाठी तिच्यात २०१९ मध्ये सिक्किनेला ही उपप्रजाती मांडली गेली. सातभाईंचे थवे खानापूरच्या काजूबागांतही दिसतात. पण पक्षी इथला म्हणून त्याच्यावरची ऊ त्याच गटातली असे धरून चालत नाही. नमुना काचपट्टीवर तपासावाच लागतो. रानपक्षी पकडायला वनखात्याची परवानगी लागते.

पुढच्या अभ्यासात, विशेषतः डीएनए तपासल्यावर, गट पुरेसा वेगळा ठरला तर उपप्रजातीला प्रजातीचा दर्जा मिळतो. तेव्हा नाव, ते देणारा आणि वर्ष तेच राहते.