गोवा : स्थलांतरितांचे सामावणे

कामधंद्यासाठी गोव्यात येऊन राहिलेल्या लोकांचे स्थानिक समाजात मिसळणे आणि त्यातून त्या समाजात घडणारे बदल. बाहेरून आलेल्याला कोंकणीत ‘भायलो’ म्हणतात. ‘घाटी’ हा शब्द मुळात घाटापलीकडच्या माणसाचा वाचक. आज तो बहुधा तुच्छतेनेच उच्चारला जातो.

१९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली तेव्हा गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास होती. २०११ च्या जनगणनेत ती १४,५८,५४५ भरली. मुक्तीनंतर प्रतिनियुक्तीवर अधिकारी आले, गावोगाव निघालेल्या मराठी शाळांसाठी महाराष्ट्रातून शिक्षक आले. पुढे खाणी, मुरगाव बंदर, बांधकामे आणि पर्यटन यांमुळे आधी शेजारच्या कर्नाटकातून, मग उत्तर भारत, झारखंड, ओडिशातून मजूर येऊ लागले. गोंयकार, म्हणजे गोव्याचा माणूस, स्वतः पूर्वापार मुंबई, आफ्रिका, आखाती देशांकडे जात आला. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन अनेकजण इंग्लंडला गेले. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत उंडे (गोल पाव) घेऊन येणारा पदेर, म्हणजे पाववाला, आता पुष्कळदा परप्रांतीय असतो. हा पाव गोव्याचा, भट्टीची रीत गोव्याची, हात मात्र बदलले.

मिसळण्याची खरी जागा शाळा होय. स्थानिक पालकांचा ओढा इंग्रजीकडे गेल्यावर मराठी व कोंकणी माध्यमांच्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांचे वर्ग कानडी आणि हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुलांवर चालू लागले. ही मुले खेळताना कोंकणी बोलतात, वर्गात मराठी बाराखडी गिरवतात. गोव्यात मराठी टिकावी असे ज्यांना वाटते त्यांनी या मुलांकडे परकी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे.

मराठी भाषकांची स्थिती इथे वेगळी. देवळातील आरती, कीर्तन, नाटक यांतून मराठी शतकानुशतके गोव्याचीच आहे. तरीही १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रातील विलीनीकरणाला १,३८,१७० आणि वेगळ्या संघप्रदेशाला १,७२,१९१ मते पडली, आणि त्या वादाच्या तापात मराठीप्रेमी गोमंतकीय व महाराष्ट्रातून आलेला नोकरदार यांच्यातला फरक पुसट झाला.

जमिनीचा प्रश्न याहून कठीण. गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या कोमुनिदाद या जुन्या ग्रामसंस्थेचे सदस्य, म्हणजे गावकार, वंशपरंपरेने, पुरुषांच्या वंशातून ठरतात. नव्या वस्त्या अनेक ठिकाणी याच जमिनींवर उभ्या राहिल्याने वैर वाढले. तिथे जन्मलेला मुलगा पंचायतीला मत देतो, पण गावकार होऊ शकत नाही. गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कित्येक गोमंतकीय कुटुंबांनाही तो मान कधी मिळालेला नाही.