रात्रीचा सराफा बंद ठेवला तर? संगणकातल्या इंदूरला विचारू

साथ पसरत असताना इंदूरच्या सराफ्यातली रात्रीची खाण्याची दुकानं बंद ठेवली, तर रुग्ण किती कमी होतील? खऱ्या शहरावर हा प्रयोग करता येत नाही. अर्धा भाग उघडा ठेवून अर्धा बंद करावा, तर सराफ्याजवळचा माणूस छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत जाणारच. म्हणून शहर संगणकात उभं करायचं.

1927 मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक या दोन संशोधकांनी साथीची समीकरणं मांडली आणि मुंबईतल्या 1905-06 च्या प्लेगच्या आकड्यांशी ती ताडून पाहिली. ती आजही कामाची आहेत, पण त्यांच्यात सगळी माणसं सारखीच मिसळतात. शाळा बंद करावी की बाजार, हे विचारायचं तर प्रत्येक माणूस वेगळा हवा. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी 2020 मध्ये या दोन शहरांसाठी असंच मॉडेल केलं होतं.

जनगणनेतून वॉर्डनिहाय लोकसंख्या, वयोगट आणि कुटुंबात किती माणसं, हे घ्यायचं. मग प्रत्येक काल्पनिक इंदूरकराला घर, शाळा किंवा कामाची जागा आणि बाजार नेमून द्यायचा. घड्याळ सहा-सहा तासांनी पुढे सरकतं, आणि दर वेळी आसपासच्या बाधितांवरून त्याला लागण होण्याची शक्यता काढली जाते. कोविडची लक्षणं लागणीनंतर सरासरी पाचेक दिवसांनी दिसत, दुसऱ्यांना संसर्ग देणं मात्र लक्षणांच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होई. हे मॉडेलमध्ये सुटलं, तर लक्षणं दिसल्यावर रुग्णाला वेगळं ठेवण्याचा उपाय आहे त्याहून फार गुणकारी भासतो.

खरी अडचण पुढे आहे. समजा, एका बाधितापासून सरासरी 2.5 जणांना लागण होते: घरात 0.8, कामावर 0.6, शाळेत 0.3, बाजारात आणि वाहनांत 0.8. शाळा बंद केल्या आणि बाजारातला संपर्क निम्म्यावर आणला, तर उरतात 1.8. आकडा 1 च्या वर आहे, म्हणजे साथ वाढतच राहणार. आता वाटणी बदलू: घरात 1.2, बाजारात 0.4, बाकी तसंच. बेरीज पुन्हा 2.5, सुरुवातीचा रुग्णांचा आलेखही जवळपास तसाच, पण तेच उपाय केल्यावर उरतात 2.0. बाजारावरच्या निर्बंधाचा फायदा थेट निम्मा झाला! यातली कोणती वाटणी खरी, हे आलेखाकडे कितीही वेळ पाहिलं तरी कळत नाही. ते कळतं रुग्णाच्या घरातल्या किती जणांना लागण झाली, या संपर्क-शोधाच्या नोंदींतून. घरोघरी फिरून त्या भरणाऱ्या कर्मचाऱ्याइतकी मोलाची मदत या कामात दुसऱ्या कुणाची नाही. शिवाय शाळा बंद झाल्यावर मुलं घरी आजी-आजोबांपाशी असतात, तेव्हा घरचा आकडा थोडा वाढवावाच लागतो.

दुसरी अडचण योगायोगाची. थोडेच जण पुष्कळांना लागण देतात, त्यामुळे मॉडेल एकदाच चालवलं, म्हणजे एकच रन घेतला, तर साथ कधी आपोआप विझते, कधी भडकते. म्हणून प्रत्येक उपायाचे शंभरेक रन घ्यावेत, आणि 'बाजार उघडा' व 'बाजार बंद' या दोन्हींना यादृच्छिक आकड्यांची, म्हणजे कुणाला लागण होते हे ठरवणाऱ्या संगणकातल्या फाशांची, तीच मालिका द्यावी. ही मालिका साऱ्या शहराला एकच ठेवली, तर एक लागण टळताच पुढचे सगळे आकडे सरकतात आणि तुलना बिघडते. माणसागणिक मालिका वेगळी हवी, पण एका माणसाची मालिका दोन्ही वेळी तीच.

निर्बंध लागू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी 'उपयोग झाला नाही' म्हणणंही चुकीचं. लक्षणं, चाचणी आणि अहवाल यांत दिवस जातात. परिणाम नोंदलेल्या आकड्यांत उतरायला आठ-दहा दिवस लागतात. मॉडेलनेही हा उशीर धरूनच खऱ्या आकड्यांशी मेळ घालावा.

पालिकेच्या हाती एकच आकडा देऊ नये. दोन्ही वाटण्या चालवून पाहाव्यात, आणि दोन्हींत जो उपाय वरचढ ठरेल तो आधी सुचवावा. रुग्णालयातल्या खाटांचा हिशेब करताना मात्र मधला आकडा धरू नये, कारण मग निम्म्या रनमध्ये खाटा कमी पडतात. शंभरापैकी नव्वद रनना पुरतील इतक्या खाटा मागाव्यात.