वाढीव हमीचे हस्तांतरण

वाढीव हमीचे हस्तांतरण : निर्मात्याच्या मूळ हमीनंतरच्या काळासाठी वेगळे पैसे भरून घेतलेल्या दुरुस्ती-कराराचे हक्क, मोटार विकली गेल्यावर जुन्या मालकाकडून नव्या मालकाच्या नावावर जाणे. व्यवहारात या कराराला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात. गाडीची मालकी बदलली म्हणून करारातील नाव आपोआप बदलत नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी ठरलेल्या मुदतीत अर्ज, शुल्क आणि करार चालवणाऱ्या कंपनीची मान्यता लागते. मूळ हमी गाडीच्या किमतीतच धरलेली असते आणि सर्वसाधारणपणे गाडीबरोबर पुढे जाते. मात्र हा नियम सरसकट लागू होत नाही. ह्युंदाई कंपनीने १९९८ मध्ये अमेरिकेत जाहीर केलेली इंजिन व गिअरबॉक्सची १० वर्षे किंवा १,००,००० मैलांची हमी पहिल्या मालकापुरतीच होती. दुसऱ्या मालकाच्या वाट्याला ५ वर्षे किंवा ६०,००० मैल एवढीच येत.

संज्ञा व उगम : मराठीतील वॉरंट, वॉरंटी आणि गॅरंटी हे तिन्ही शब्द मुळात एकच आहेत. प्राचीन फ्रँक भाषेतील ‘संरक्षण देणारा’ या अर्थाच्या धातूपासून ते निघाले. उत्तर फ्रान्सच्या बोलीत आरंभीचा ‘व’ टिकला, मध्य फ्रान्सच्या बोलीत त्याचा ‘ग’ झाला आणि इंग्रजीने दोन्ही रूपे उचलली. मराठीत ‘हमी’ हा अरबी-फारसी वळणाचा शब्द वॉरंटी व गॅरंटी या दोहोंसाठी चालतो, त्यामुळे इंग्रजी कायद्यातला त्यांच्यातील भेद मराठी मजकुरात सहसा पुसला जातो. प्रस्तुत नोंदीत हमी म्हणजे वॉरंटी असेच समजावे.

हमी वस्तूबरोबर फिरते की माणसाबरोबर, हा प्रश्न मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे १०६६ पूर्वीच्या इंग्लंडच्या, कायद्यात चोरीचे जनावर एखाद्याच्या दावणीला सापडले, तर तो ‘हे मी अमक्याकडून घेतले’ असे सांगून विक्रेत्याला जबाब देण्यास पुढे बोलावी. तो विक्रेता आपल्या विक्रेत्याला बोलावी आणि अशी साखळी मागे जाई. ती किती हातांपर्यंत नेता येईल, यावर नंतरच्या राजांनी मर्यादा घातल्या. जमिनीच्या बाबतीत बाराव्या शतकाच्या अखेरीपासून, बहुधा इ. स. १२०० च्या आसपास, सनदांत, म्हणजे जमीन देण्याच्या लेखांत, ‘मी व माझे वारस हमी देऊ’ असे कलम नियमित दिसू लागते. त्याच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार हमी ही सरदाराने आपल्या कुळाकडून निष्ठेची शपथ स्वीकारल्यामुळे आपोआप येणारी जबाबदारी होती आणि कलम हे तिचे केवळ लेखी रूप होते. दुसऱ्या मतानुसार कलम हे विक्रीतील स्वतंत्र वचन होते. १२९० च्या क्विया एम्टोरेस या कायद्याने खरेदीदाराचे कुळनाते विक्रेत्याऐवजी वरच्या सरदाराशी जोडले. त्यानंतर शपथेवरून निघणारी हमी उरण्यास जागाच राहिली नाही आणि स्पष्ट कलमाचे महत्त्व वाढले. पहिले मत आरंभीच्या काळापुरते अधिक ग्राह्य वाटते.

मोटारीच्या करारासंबंधी लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढची आहे. या सनदांत देणगीदार ‘अमक्याला व त्याच्या वारसांना’ हमी देई, तेव्हा अमक्याने जमीन तिसऱ्यास विकल्यास त्या तिसऱ्याला हमी लागू होते का, यावर वाद होत. म्हणून तेराव्या शतकात ‘वारस व हस्तांतरिती’ (हस्तांतरिती म्हणजे हस्तांतरणाने जमीन ज्याच्याकडे गेली तो) अशी जोडी वापरण्याची प्रथा पडली. १५८३ च्या स्पेन्सर खटल्यात न्यायालयाने याच धर्तीवर सांगितले, की भाडेपट्ट्यातील काही वचने, विशेषतः अजून अस्तित्वात नसलेल्या वस्तूविषयीची, हस्तांतरितींचा उल्लेख असल्याशिवाय त्यांना बांधत नाहीत. आजच्या करारपत्रात ‘मूळ खरेदीदार’ आणि ‘त्यानंतरचा मालक’ यांच्या व्याख्या दिलेल्या असतात, त्या याच वादाच्या वंशातल्या आहेत. जमिनीबरोबर धावणारे, म्हणजे मालक बदलला तरी लागू राहणारे, वचन इंग्रजी कायद्याने मान्य केले. जंगम वस्तूबरोबर धावणारे वचन मात्र त्याने आजवर फारसे मान्य केलेले नाही.

कायद्याची चौकट : वाढीव हमी मोटारविक्रीत अमेरिकेत प्रथम रुजली. १९६३ च्या मॉडेलांवर क्रायस्लरने ५ वर्षे किंवा ५०,००० मैलांची हमी देऊन स्पर्धा पेटवली. १९६० पर्यंत अमेरिकी कंपन्यांची ठरावीक हमी ९० दिवस किंवा ४,००० मैल एवढीच आणि मूळ खरेदीदारापुरती असे. १९६० च्या हेनिंगसेन खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या हमीच्या मर्यादांवर कडक टीका केली. त्या खटल्यात जखमी झालेली व्यक्ती खरेदीदाराची पत्नी होती, म्हणजे करारातली पक्षकार नव्हती. वेगळ्या मोबदल्याचे सेवा-करार, म्हणजेच आजची वाढीव हमी, १९७० च्या दशकात, त्यातही उत्तरार्धात, पसरलेले दिसतात.

अमेरिकेच्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस या हमीविषयक कायद्यात ‘ग्राहक’ या संज्ञेत हमी किंवा सेवा-करार चालू असताना वस्तू ज्याच्याकडे हस्तांतरित झाली त्या व्यक्तीचाही समावेश आहे. ही व्याख्या वाचून दुसऱ्या मालकाला सर्वच हक्क मिळतात असा समज होतो, पण तो पुरता बरोबर नाही. ‘पूर्ण’ म्हणून घोषित केलेली हमी पुढच्या मालकाला नाकारता येत नाही. ‘मर्यादित’ हमीत व सेवा-करारात मात्र कंपनी आपल्या अटी घालू शकते, फक्त त्या स्पष्ट भाषेत सांगाव्या लागतात.

युरोपीय संघाच्या २०१९/७७१ क्रमांकाच्या निर्देशानुसार, जो १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला, व्यापारी हमीचे निवेदन साध्या व समजण्याजोग्या भाषेत आणि टिकाऊ माध्यमावर द्यावे लागते. दुसऱ्या खरेदीदाराला ती हमी मिळावीच, असे तो म्हणत नाही. फ्रान्समध्ये मात्र विक्रेत्यावरचे हमीचे हक्क वस्तूची उपांगे समजले जातात व वस्तूबरोबर पुढच्या खरेदीदाराकडे जातात. तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ७ फेब्रुवारी १९८६ रोजी हे तत्त्व पक्के केले. मात्र कोणा तिसऱ्या कंपनीने पैसे घेऊन दिलेला दुरुस्तीचा करार त्या तत्त्वात सहजी बसत नाही.

भारतात विमा आणि वाढीव हमी यांच्यातील फरक फार ठळक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १५७ नुसार गाडी विकली की विमापत्र त्याच तारखेपासून नव्या मालकाच्या नावावर गेले असे मानले जाते आणि त्याने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकाच्या मध्यास कम्प्लीट इन्सुलेशन्स खटल्यात हे मानीव हस्तांतरण तिसऱ्या पक्षाच्या जोखमीपुरतेच ठरवले. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठी वेगळा करार हवा. वाढीव हमीला असे मानीव हस्तांतरण देणारे कलम नाही. तेथे सर्वसाधारण करारकायदा लागू होतो आणि कराराखालील हक्क दुसऱ्याला देता येतात, पण बंधने समोरच्याच्या संमतीशिवाय दुसऱ्यावर टाकता येत नाहीत, हे तत्त्व १९६२ च्या खरदाह कंपनी खटल्यात मांडले गेले आहे. वाढीव हमीत वेळच्या वेळी सर्व्हिसिंग करण्याचे बंधन मालकावर असते, म्हणूनच कंपनीची संमती मागितली जाते, असे म्हणता येईल.

प्रक्रिया व नेहमीच्या अटी : फॉर्मवर वाहनाचा १७ अक्षर-अंकी ओळखक्रमांक, विक्रीची तारीख, त्या दिवशीचे ओडोमीटरचे वाचन आणि दोघांच्या सह्या असतात. ओळखक्रमांकात रोमन आय, ओ व क्यू ही अक्षरे कधीच येत नाहीत, त्यामुळे ती लिहिलेला फॉर्म परत येतो. सोबत विक्रीचा पुरावा, नोंदणीची प्रत व सर्व्हिसिंगच्या पावत्या द्याव्या लागतात. अर्जाची मुदत बहुतेक करारांत १४ ते ३० दिवसांची असते आणि ती विक्रीच्या दिवसापासून मोजतात. नोंदणीपत्रावर नाव चढण्याची वाट पाहत बसलेला खरेदीदार येथेच चुकतो.

हस्तांतरण एकदाच, तेही एका खाजगी व्यक्तीकडून दुसऱ्या खाजगी व्यक्तीकडे, अशी अट पुष्कळ करारांत असते. गाडी मध्येच व्यापाऱ्याकडे गेली, एखाद्या बदल्याच्या व्यवहारात का होईना, की हमी संपते. व्यापाऱ्याच्या विक्री-कागदावर ‘हमी शिल्लक’ लिहिलेले असले तरी ते पुरेसे नसते. टॅक्सी म्हणून झालेला वापर, नंतर बसवलेले गॅस किट, विमा कंपनीने पूर्ण निकामी ठरवून पुन्हा दुरुस्त झालेली गाडी, या बाबींमुळेही अर्ज फेटाळला जातो. हस्तांतरण झाले तरी दर दुरुस्तीमागे मालकाने भरायची रक्कम तशीच लागू राहते. एकूण दाव्यांना कमाल मर्यादा असल्यास आधीच्या मालकाने वापरलेला भाग वजा होतो. म्हणून गाडीवर पूर्वी झालेल्या दाव्यांची यादी मागणे हे पावत्या मागण्याइतकेच गरजेचे असते.

मुदतीची गणना हा सर्वांत अधिक घोटाळ्याचा विषय आहे. समजा, गाडी प्रथम १२ मार्च २०२१ रोजी ताब्यात दिली गेली. मूळ हमी ३ वर्षांची आणि त्यापुढे वाढीव हमी २ वर्षांची, म्हणजे ११ मार्च २०२६ पर्यंत किंवा १,२०,००० किलोमीटर, जे आधी घडेल ते. १ नोव्हेंबर २०२५ रोजी १,१४,३०० किलोमीटर झालेली ही गाडी विकली गेली. दिनदर्शिकेप्रमाणे सव्वाचार महिन्यांहून अधिक काळ उरला आहे, पण किलोमीटर ५,७०० च उरले आहेत. दरमहा २,००० किलोमीटर चालवणाऱ्याची हमी तीन महिन्यांच्या आत संपेल. व्यापाऱ्याने प्रात्यक्षिकासाठी स्वतःच्या नावे नोंदवलेल्या गाडीत घड्याळ त्या नोंदणीपासूनच सुरू झालेले असते, हेही पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

हस्तांतरणाला पर्याय म्हणजे करार रद्द करून उरलेल्या काळाच्या प्रमाणात पैसे परत घेणे. हा हक्क गाडी विकणाऱ्याचा असतो. गाडीवर कर्ज असेल तर परतावा प्रथम कर्ज देणाऱ्याकडे जाऊ शकतो. विक्रेत्याने खरेदीदाराला हमीपत्र दिले आणि नंतर स्वतः रद्द करून पैसे घेतले, असे घडू शकते. ओळखक्रमांकावरून करार चालू आहे की नाही, हे विक्रेत्याऐवजी कंपनीलाच विचारण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळे. करार विकणारा, तो चालवणारा आणि दुरुस्तीचे पैसे देण्यास बांधलेला, हे तिघे वेगवेगळे असू शकतात. तिसऱ्याचे नाव बारीक अक्षरांत असते, पण हमीचे मोल त्याच्याच आर्थिक कुवतीवर ठरते.

हस्तांतरणावर निर्बंध का, याची अर्थशास्त्रीय चर्चा जॉर्ज अकरलॉफ यांच्या १९७० मधील जुन्या मोटारींच्या बाजारावरील लेखाशी जोडली जाते. विक्रेत्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, खरेदीदाराला नसतात. हमी ही चांगल्या गाडीची खूण ठरते. या मतानुसार हस्तांतरणीय हमी सर्वांत परिणामकारक ठरायला हवी, मग निर्बंध का, याचे उत्तर त्यात मिळत नाही. कायद्याचे अभ्यासक जॉर्ज प्रीस्ट यांनी १९८१ मध्ये हमीकडे निर्माता व वापरणारा यांच्यातील जोखमीची वाटणी म्हणून पाहिले. दुसऱ्या मालकाच्या वापराबद्दल कंपनीला माहिती नसते, म्हणून ती अटी घालते, असे त्यातून निघते. काहींच्या मते कारण साधे आहे : अनेक हमी कोणीच नावावर करून घेत नाही, त्या अर्धवट संपतात आणि ती बचत मूळ किमतीत आधीच धरलेली असते. एकदाच हस्तांतरण व अल्प मुदत या अटींचे स्पष्टीकरण या शेवटच्या मताने अधिक सहज होते.

विद्युत मोटारी : बॅटरीची हमी बहुधा मूळ हमीचाच भाग असते व गाडीबरोबर जाते, ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर हे प्रमाण अनेक कंपन्या वापरतात. संयुक्त राष्ट्रांच्या मार्च २०२२ मध्ये स्वीकारलेल्या जागतिक तांत्रिक नियम क्र. २२ मध्ये ५ वर्षे किंवा १,००,००० किलोमीटरनंतर ८० टक्के आणि ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरनंतर ७० टक्के क्षमता टिकण्याची अपेक्षा आहे. बॅटरी वगळून उरलेल्या भागांवर घेतलेल्या वाढीव करारांना मात्र वर दिलेल्याच अटी लागू होतात.